शेवटच्या टोल्याची तपासणी

"मॅडम, सब रेडी है. तुम्ही फक्त यायचं," ठेकेदार फोनवर म्हणाला. त्यातल्या 'फक्त' या शब्दाने मला सावध केलं.

माझं कामच तसं आहे. ठेकेदाराने पाणीपुरवठ्याचं काम पूर्ण केलं, की विभागाने ते ताब्यात घेण्याआधी तिसऱ्याच कुणीतरी तपासून द्यावं लागतं. ते तिसरं कुणीतरी म्हणजे मी. विभागाची नाही, ठेकेदाराची नाही, गावाचीही नाही. टाकी गळते का, पाइप ठरलेल्या खोलीवर पुरलाय का, दाब सहन करतो का, शेवटच्या नळाला पाणी येतं का, हे बघायचं आणि 'चाचणी समाधानकारक' किंवा 'असमाधानकारक' असं लिहून सही करायची. ती सही झाल्याशिवाय काम संपलं असं धरत नाहीत. म्हणून सही करणाऱ्या माणसाशी सगळे फार गोड बोलतात, आणि इतकी वर्षं ते गोड बोलणं ऐकून माझे कान बिघडले आहेत. कुणी साधं "या, बसा" म्हटलं तरी मी खुर्चीचा पाय बघते.

घरच्यांनाही याचा त्रास होतो. नणंदेने गोंदियात नवं घर बांधलं, त्याच्या वास्तुशांतीला गेले होते. सगळ्या बायका ओटी भरण्यात गुंतल्या असताना माझी बोटं आपोआप स्वयंपाकघराच्या टाइल्सवर टकटक करत फिरली. दोन-तीन टाइल्स पोकळ वाजल्या. मी ते बोलून दाखवलं. नणंद त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. नवरा म्हणाला, "तुला काय सगळीकडेच सही करायची असते का?" त्याचं चुकत नव्हतं. पण टाइल्सही पोकळच होत्या.

तर त्या फोननंतर मी निघाले. मार्च संपत आला होता आणि मार्चमध्ये सगळ्यांचीच कामं एकदम पूर्ण होतात. सकाळच्या गाडीने गोंदियाहून आमगाव सोडून सालेकशाला उतरले. तिथून विभागाच्या अभियंत्याने त्यांच्या जीपने न्यायचं ठरलं होतं. स्टेशनबाहेर जीप नव्हती. ठेकेदाराची पांढरीशुभ्र गाडी होती आणि तिच्या मागच्या सीटवर अभियंता बसले होते.

"आपली जीप बंद पडली मॅडम," ते म्हणाले. "गॅरेजला टाकली. यांचीच गाडी घ्यावी लागली."

ठेकेदाराच्या गाडीत बसून ठेकेदाराचं काम तपासायला जाणं मला पटत नव्हतं. जीप खरंच बंद पडली असेल का, की ती बंद पाडली, हा विचार मनात आलाच. पण त्या जंगलातल्या गावाकडे जायला दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतं. बसले. ठेकेदार पुढे ड्रायव्हरशेजारी होता. पन्नाशीचा, हळू आवाजात बोलणारा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. त्याने मागे वळून मला पाण्याची बाटली दिली. मी माझी बाटली दाखवली. तो हसला आणि पुढे बघू लागला.

गावाची रचना आधी सांगते. शाळेच्या मागच्या उंचवट्यावर नवी टाकी होती. टाकीपासून लोखंडी पाइप निघून गावातून पुढे नाल्यापर्यंत जात होता. नाल्यापलीकडे प्लास्टिकचा पाइप सुरू व्हायचा आणि तो जंगलाच्या कडेने चढत शेवटच्या टोल्याला पोचायचा. थोडीच घरं असलेला तो टोला गावाचाच भाग होता, पण नाल्याने तोडलेला. उन्हाळ्यात तिथल्या बायका नाल्यात खड्डा करून पाणी काढत. सगळी योजना खरं तर त्या टोल्यासाठीच मंजूर झाली होती.

टाकी मी बारकाईने बघितली. ती आदल्या दिवशीच भरून ठेवली होती आणि आतल्या खुणेपासून पाणी खाली सरकलं नव्हतं. बाहेरून कुठे ओल नव्हती. हातोडीने ठोकून पाहिलं, आवाज भरीव आला. मग पाइपची खोली. रस्त्याच्या कडेला खड्डे आधीच खणून ठेवले होते, आत पाइप स्वच्छ दिसत होता, बाजूला टेप घेऊन माणूस उभा होता.

"हे नको," मी म्हटलं. "मी सांगते तिथे खणा."

मी एका बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, धुऱ्याजवळ, मग एका चिंचेखाली आणि मग रस्त्याच्या वळणावर, अशा अडनिड्या जागा दाखवल्या. वळणावर कामचोरी हमखास असते. मजुरांनी खणलं. तिन्ही ठिकाणी पाइप हवा तितका खोल निघाला. खाली वाळूही होती.

"देखिये ना मॅडम," ठेकेदार म्हणाला.

मला समाधान वाटायला हवं होतं. उलट जीव अस्वस्थ झाला. काम चांगलं होतं, तर हे लोक इतके सांभाळून का वागत होते? ठेकेदार मी चालले की चालत होता, थांबले की थांबत होता. अभियंता सारखे घड्याळ बघत होते. आणि ठेकेदाराचा फिटर, पाइप जोडणारा मिस्त्री, एक वाळलेला, गप्प माणूस, माझ्या नजरेला नजर देत नव्हता. पण नजर न देणारे साधे लाजाळू लोकही मी पाहिले आहेत. त्यावरून काही ठरवता येत नाही.

शेवटी दाबाची चाचणी. ती अशी असते: पाइपलाइनचं शेवटचं तोंड बंद करायचं, पूर्ण लाइन पाण्याने भरायची, हातपंपासारख्या एका यंत्राने पाणी आत दाबत दाब वाढवायचा आणि मग थांबायचं. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा खाली सरकला तर कुठेतरी गळती आहे. टाकीच्या पायथ्याशी गेज लावला होता. शेवटच्या टोल्यालाही एक गेज हवा होता.

"तिकडचा खराब निघाला," अभियंता म्हणाले. "एकावर भागतं मॅडम."

फिटरने यंत्र मारलं. काटा चढला, ठरलेल्या जागी आला. यंत्र थांबवलं. आम्ही सगळे त्या काट्याकडे बघत उभे राहिलो. शाळेतली पोरं पाढे म्हणत होती. काटा हलला नाही. बऱ्याच वेळाने बघितलं, तरी हलला नव्हता.

"एकदम टाइट!" ठेकेदार म्हणाला.

मला तेच खटकलं. ही नुसती लोखंडी लाइन नव्हती. तिचा पुढचा मोठा भाग प्लास्टिकचा होता. प्लास्टिकच्या पाइपमध्ये दाब भरला की तो किंचित फुगतो, अंग सैल सोडतो. त्यामुळे काही गळत नसलं तरी काटा थोडा उतरतोच आणि पुन्हा जरा पाणी दाबावं लागतं. इथे काटा ठोकून बसवल्यासारखा स्थिर होता. लोखंडाने धरावा तसा.

ते मी मनातच ठेवलं. फक्त म्हटलं, "टोल्यावर तुमचा माणूस आहे ना? त्याला शेवटचा व्हॉल्व्ह उघडायला सांगा. मी इथे काटा बघते."

शेवटचं तोंड उघडलं की दाब उतरतो, काटा धाडकन खाली यायला हवा. ठेकेदाराने फोन लावला. "हां, खोल दे," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "खोल दिया मॅडम."

काटा तिथेच.

"उघडलाय?"

"हो, म्हणजे... नेटवर्क नाही तिकडे बरोबर. त्याने ऐकलं नसेल."

"आत्ताच तर तुम्ही म्हणालात उघडला."

ठेकेदाराने रुमालाने मान पुसली. अभियंता म्हणाले, "मॅडम, नियमात काट्याचं बसतंय. काटा थांबला म्हणजे चाचणी पास. आता ऊन बघा किती झालं."

"टोल्यावर जाऊ," मी म्हटलं.

नाल्याच्या अलीकडे गाडी थांबली. कोरड्या नाल्यातून चालत आम्ही पलीकडे चढलो. टोल्यात सार्वजनिक नळाचा नवा ओटा बांधला होता आणि त्याच्याभोवती सात-आठ बायका आधीच उभ्या होत्या. आम्ही येणार हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सगळ्यांच्या पुढे एक साठीची बाई होती. लुगडं घट्ट नेसलेली, हातात टोपली. तिने आम्हाला नाल्यापलीकडे पांढऱ्या गाडीतून उतरताना बघितलं होतं. तिची नजर माझ्यावरून ठेकेदारावर गेली आणि पुन्हा माझ्यावर आली.

"मावशी, नळाला पाणी आलं का?" मी विचारलं.

"आला ना जी," ती म्हणाली. "काल आला पानी. मस्त आला."

"किती वेळ?"

"लय वेळ. सगळ्याइनं भरला." तिने मागे बघितलं. मागच्या बायका एकदम म्हणाल्या, "हो जी, भरला."

मग त्या आपसात गोंडीत काहीतरी बोलल्या. मला गोंडी समजत नाही. एक बाई हसली, दुसरीने तिला कोपर मारलं.

मी नळाकडे बघितलं. ओट्यावर मोहाची फुलं पसरून वाळत घातली होती. खालची फुलं पार वाळून तपकिरी झाली होती, ती त्या सिमेंटवर बरेच दिवस पडलेली होती. काल जिथे मस्त पाणी आलं, सगळ्यांनी आपापले गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, भरले, तिथे आज मोहफुलं अशी वाळलेली कशी असतील? मी नळ सोडला. पाणी नाही. पाण्याच्या आधी हवा येते, फसफस होते, तसंही काही नाही. नळाच्या तोंडात कोळ्याने जाळं केलं होतं.

मी त्या म्हातारीकडे बघितलं. तिनेही माझी नजर कुठे गेली ते बघितलं होतं.

आतापर्यंत मला ठेकेदाराचा संशय होता, अभियंत्यांचा होता, फिटरचा होता. ज्यांच्यासाठी पाणी आणायचं तीच माणसं पाणी आलं म्हणून खोटं सांगतील, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला रागच आला. वाटलं, यांनाही काही दिलेलं दिसतंय. एखादी साडी, एखादी कोंबडी, जे काय असेल ते.

"मावशी, खोटं काऊन सांगता?" मी सरळ विचारलं.

ती ओट्यावरची फुलं टोपलीत भरू लागली.

मी फिटरला म्हटलं, "चला. लाइनवरून चालत मागे जाऊ. पाइप कुठून गेलाय ते दाखवा."

तो ठेकेदाराकडे बघू लागला. ठेकेदार झाडाखाली फोन कानाला लावून उभा होता, जिथे नेटवर्क नाही असं त्यानेच सांगितलं होतं तिथे. फिटर निघाला. मी मागे, आणि माझ्या मागे ती म्हातारी. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

टोल्यापासून नाल्यापर्यंत पाइपची खूण नीट दिसत होती. नाल्याच्या काठावर आल्यावर फिटरची चाल मंदावली. नाल्याचं पात्र तिथे काळ्या खडकाचं होतं, वर थोडी वाळू. मी विचारलं, "इथे पाइप खडकातून नेलाय ना? वरून काँक्रीट घातलंय?"

"हां जी... वो..." तो म्हणाला आणि खाली बसला. मग हातानेच काठावरची वाळू बाजूला करू लागला. वाळूखालून प्लास्टिकच्या पाइपचं तोंड निघालं. त्याला टोपी बसवून टाकली होती. तिथून पुढे नाल्यात काहीच नव्हतं. आम्ही पलीकडच्या काठावर गेलो. तिथे लोखंडी पाइपचं तोंड होतं, त्यालाही जाड पत्र्याची चकती आवळून बसवलेली.

म्हणजे मी टाकीपाशी उभी राहून ज्या काट्याकडे बघत होते, तो फक्त गावातल्या लोखंडी पाइपचा दाब दाखवत होता. खडक फोडायचा राहिला होता. बाकी सगळं काम चोख करून नाल्याइतकाच तुकडा सोडला होता, आणि तो तुकडा नसला तर टोल्यासाठी बाकी सगळं असून नसल्यासारखं होतं.

तोवर ठेकेदार आणि अभियंता आले. ठेकेदाराने ते दोन बंद तोंडांचे पाइप बघितले आणि फिटरवर ओरडला, "ये क्या है? तूने तो बोला था हो गया!"

फिटर उठून उभा राहिला. "साहब, मैंने तो बोला था मशीन भेजो. पत्थर है. आपने बोला बाद में देखेंगे."

"कब बोला? किसके सामने बोला?"

त्या दोघांपैकी खरं कोण बोलत होतं ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही. ठेकेदाराचं आश्चर्य खरं वाटत होतं. पण टोल्यावरच्या बायकांना 'पाणी आलं म्हणून सांगा' हे कुणीतरी सांगितलं होतंच, आणि ते फिटरने आपल्या मनाने सांगितलं असेल असं काही मला वाटत नाही.

अभियंत्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, असं करा. टाकी ओके आहे, लाइन ओके आहे. चाचणी समाधानकारक लिहा, आणि खाली एक ओळ टाका, किरकोळ काम बाकी. तो करून देईल. मी करून घेतो."

"हे किरकोळ?"

"मार्च आहे मॅडम. समजून घ्या."

"मी असमाधानकारक लिहिणार," मी म्हटलं.

हे ऐकलं त्या म्हातारीने. ती नाल्यातून तरातरा चालत माझ्यापाशी आली.

"नको लिहू बाई," ती म्हणाली. आता 'जी' गेलं होतं. "तू नाय म्हनलीस त हा परून जाईन. मंग आमाले कोन पानी देईन?"

"मावशी, आता सही केली तर तो मग येणारच नाही."

"याआधी बी एक बाबू असाच आलता तपासाले. तोबी नाय म्हनून गेला. तवाचा ठेकेदार पराला तो परालाच. चल, दाखवतो तुले."

तिने माझा दंड धरून मला पुन्हा टोल्यावर नेलं. घरांच्या मागे एक लोखंडी सांगाडा होता, त्यावर प्लास्टिकची काळी टाकी. सांगाडा गंजला होता, टाकीला भेग पडली होती आणि सावलीत बकऱ्या बसल्या होत्या. कुठल्यातरी आधीच्या योजनेची ती टाकी. कुणीतरी माझ्यासारखाच आला होता, काम वाईट आहे हे त्याने बरोबर ओळखलं होतं, नापास करून गेला होता. त्यानंतर कागद कुठे फिरले कुणास ठाऊक. टोल्यावर परत कुणी आलं नाही.

"आमाले सांगितलन का मॅडम नाय म्हनली त काम रद्द होते," म्हातारी म्हणाली. "म्हनून आमी म्हटलं, पानी आला. कसाबी हो, काम त होऊ दे. तू कायले अडवतेस? तुयाच पैशाचा हाय का?"

मग तिने आवाज खाली आणून विचारलं, "का त्यानं तुले कमी देल्लन?"

तिला वाटत होतं मी जास्त मागण्यासाठी अडून बसले आहे. पांढऱ्या गाडीतून उतरलेल्या बाईबद्दल आणखी काय वाटावं? मला तिच्या साडी-कोंबडीचा संशय आला होता आणि तिला माझा. मी तिच्या जागी असते तरी हेच समजले असते.

"मी काही घेतलं नाही," मी म्हटलं. ते मलाच पोकळ वाटलं.

मोहाच्या झाडाखाली बसून मी अहवाल लिहायला घेतला आणि थांबले. नापास लिहिणं सोपं होतं. नंतर काय झालं हे बघणं माझं काम नव्हतं. नापास झालेलं काम पुन्हा तपासायचं तर ठेकेदाराने विभागाकडे अर्ज करायचा, विभागाने आमच्या कार्यालयाला लिहायचं, कार्यालयाने मला पाठवायचं. या मधल्या वाटेत किती कामं मरतात ते मी पाहिलं आहे. त्या काळ्या टाकीचंही असंच झालं असणार.

मी असमाधानकारकच लिहिलं. पण काय झालेलं आहे, काय राहिलं आहे आणि ते कसं करायचं, हे सगळं सविस्तर लिहिलं. आणि फेरचाचणी अर्जाची वाट न बघता मीच येऊन करेन, असं अभियंत्यांच्या समोर लिहून त्यांची सही घेतली. ते म्हणाले, "अशी पद्धत नाही मॅडम." मी म्हटलं, "हरकत असेल तर तसं लिहून द्या." त्यांनी सही केली. ठेकेदाराशी मी शांतपणे बोलले. "खडक फोडा, पाइप टाका, वर काँक्रीट घाला. मग पास करते. नाही केलंत तर हे दोन बंद पाइपचे फोटो माझ्याकडे आहेत."

"मॅडम, आप तो धमकी दे रही हैं," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

निघताना मी म्हातारीला माझा नंबर दिला. टोल्यावर नेटवर्कचा भरवसा नव्हता, पण तिची सून सालेकशाच्या बाजाराला जायची. म्हातारीने कागद घडी करून कमरेला खोचला. चेहऱ्यावर विश्वास बिलकूल नव्हता.

परत येताना मी गाडीत बसले नाही. गावातल्या एकाच्या मोटारसायकलवरून स्टेशनला आले. ठेकेदाराच्या गाडीचा मला तिटकारा आला होता, खरं म्हणजे तिच्यात बसलेल्या माझा.

काही दिवसांनी फोन आला. म्हातारीच होती, सुनेबरोबर बाजाराला आलेली. "मशीन आली," इतकंच म्हणाली. पुन्हा काही दिवसांनी, "पाइप टाकून रायले." मला बरं वाटायला हवं होतं. पण मनात आलंच, की पहिल्यांदा पाणी आलं म्हणूनही हिनेच सांगितलं होतं. आता तिच्याकडून फोन करवून घेतले नसतील कशावरून?

म्हणून मी कुणालाही न कळवता गेले. सालेकशाला उतरले, बाजाराला आलेल्या एका मोटारसायकलवाल्याला पकडलं, नाल्याच्या वरच्या अंगाला उतरून झाडीतून खाली बघितलं. मशीन खरंच चालू होती. खडकाचा आवाज नाल्यात घुमत होता. तोच वाळलेला फिटर चरात उतरून तळ सपाट करत होता. काठावर म्हातारी बसली होती, एकटीच, राखण करावी तशी. तिने मला बघितलं, पण हात केला नाही. मीही केला नाही. आम्ही दोघी एकमेकींवर पाळत ठेवायला आलो होतो आणि दोघींना ते समजलं होतं. मी तशीच परत गेले.

फेरचाचणीच्या दिवशी मी स्वतःचे दोन गेज घेऊन गेले, एक टाकीपाशी, एक टोल्यावर. यंत्र मारलं. काटा चढला आणि थोड्या वेळाने अंगुळभर नाही, पण दिसेल इतका खाली सरकला. ठेकेदाराचा चेहरा पडला. "लीकेज?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही. आता प्लास्टिक बोलतंय." पुन्हा पाणी दाबलं, मग काटा थांबला. टोल्यावरचा काटाही. नाल्यातल्या काँक्रीटवरून मी चालून बघितलं, ठोकून बघितलं. मग टोल्यावरचा व्हॉल्व्ह उघडला, आणि टाकीवरून निरोप आला की काटा खाली आला.

यंत्र काढून टाकीचा व्हॉल्व्ह सोडला. टोल्याच्या नळाने आधी बराच वेळ हवा सोडली, मग लालसर माती, मग पाणी. बायका गुंड घेऊन धावल्या. ठेकेदाराने मिठाईचा पुडा काढला. अभियंत्यांनी कागद काढला. गावाच्या वतीने टोल्यातल्या कुणाचा तरी अंगठा हवा होता, काम ताब्यात मिळालं म्हणून, आणि सगळ्यांनी म्हातारीला पुढे केलं.

म्हातारीने ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, पण अंगठा दिला नाही.

"हा पानी पाइपात आधीचाच भरून ठेवला असन," ती म्हणाली. "टँकर आनला असन."

"अहो मावशी," ठेकेदार जवळजवळ रडवेला झाला, "टँकर नाला कसा ओलांडेल?"

"ते मले माहीत नाय. नळ सोडून ठेवा. पाइप रिकामा होऊ द्या. तठून टाकीतला बंद करा. मंग परत सोडा. मी अठीच बसतो."

अभियंत्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आवरेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हटलं, "त्या म्हणतात तसं करा."

टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद झाला. नळाची धार बारीक होत होत थांबली. मग तिकडून पुन्हा सोडलं. पुन्हा हवा, पुन्हा फसफस, पुन्हा पाणी. म्हातारीने ते तसंच आणखी एकदा करायला लावलं. या वेळी ठेकेदार झाडाखाली जाऊन बसला. तिसऱ्यांदा धार आल्यावर तिने टोल्यातल्या सगळ्यात उंचावरच्या घरापाशी बसवलेल्या दुसऱ्या नळाकडे बोट दाखवलं. "तठी बी." तिथेही आलं, बारीक, पण आलं.

मग तिने अंगठा दिला. शाई पुसायला तिने नळाखालीच हात धरला.

ठेकेदाराने त्यानंतर मला कधी फोन केला नाही. त्याच्या पुढच्या कामांना दुसरा तपासनीस मागवल्याचं कानावर आलं. अभियंत्यांची ती जीप मात्र खरंच बंद पडलेली होती. पुढे एका कामासाठी आमगावला गेले तेव्हा ती गॅरेजमध्ये इंजिन उघडून ठेवलेली मी स्वतः बघितली. त्या गोष्टीत मी त्यांच्यावर उगाच संशय घेतला होता. बाकीच्या गोष्टींबद्दल मी अजून काही म्हणू शकत नाही.

त्या दिवशी टोल्यावरून निघताना म्हातारीने मला घरात बोलावलं. नव्या पाण्याचा काळा चहा केला, गूळ घालून. कप माझ्यापुढे ठेवून ती भिंतीला टेकून बसली आणि मी पिते की नाही ते बघत राहिली.

"तू काय घेतलीस का नाय, मले अजून समजला नाय," ती म्हणाली.

"नाही घेतलं मावशी."

"असन," ती म्हणाली. "पी."